द्राक्ष बागायतदारांचा फोरम बांधायचाय, फ्रेमवर्क कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक आणि सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी मराठी फोरम बांधायचा आहे. काम करणारे तुम्ही दोघं, तेही नोकरी सांभाळून संध्याकाळी. तुम्हाला पायथन बऱ्यापैकी येतं, मित्राला जावास्क्रिप्ट. सुरुवातीला पाचशे सभासद, पुढे दहा हजारांपर्यंत जावं ही आशा. सर्व्हरसाठी महिना दीड हजार रुपये. मग फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, कोणतं: पायथनचं जँगो, पीएचपीचं लारावेल, रुबीचं रेल्स, की जावास्क्रिप्टच्या नोडवर एक्सप्रेस आणि पुढे पडद्यासाठी रिॲक्ट? आणि डेटाबेस म्हणून मोंगो चालेल का?

जँगो घ्या, खाली पोस्टग्रेस डेटाबेस ठेवा आणि पानं सर्व्हरवरच तयार करून पाठवा. एवढं वाचून उठलात तरी चालेल. पण मी जँगो म्हणतोय ते वेगाचे तक्ते बघून नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं या धंद्यात आहे. एक ट्रेकिंगचा फोरम शून्यापासून बांधला, एक जुन्या पीएचपी-बीबीवरून उचलून दुसरीकडे नेला, आणि एक बांधायला घेऊन अर्ध्यात सोडला. तिन्हींचा अनुभव एकच सांगतो: फोरम बंद पडतो तो सर्व्हर कमी पडला म्हणून नव्हे, संपादक थकले म्हणून.

एक रात्र डोळ्यासमोर आणा. ऑक्टोबर छाटणी होऊन तीन आठवडे झालेत, बागा फुटल्यात आणि अवकाळी पाऊस लागलाय. रात्रीचे साडेदहा. चाळीस जणांनी पानांचे फोटो टाकून 'ही डाऊनी आहे का?' असं विचारलंय. त्याच गर्दीत एका औषधवाल्याने तीन डुआयडी (खोट्या नावांची जादा खाती) काढून एकच जाहिरात अकरा धाग्यांवर चिकटवलीय. हे निस्तरणारा तुमचा संपादक म्हणजे बहुधा पिंपळगावकडचे एखादे काका, ज्यांना बागेतलं सगळं कळतं आणि संगणकातलं फारसं नाही. त्यांना त्या तीन आयडींचे सगळे प्रतिसाद एका जागी दिसतात का? टिचकी मारून सगळे एकदम लपवता येतात का? चुकून भलत्याचे लपवले तर परत आणता येतात का? हे जमलं तर काका पुढच्या पावसालाही असतील. नाही जमलं तर ते तुम्हाला फोन करतील, तुम्ही डेटाबेसमध्ये हाताने क्वेरी मारून साफसफाई कराल, आणि चौथ्या वेळेला दोघंही कंटाळाल.

जँगोचा ॲडमिन, म्हणजे डेटा हाताळायची आयती पानं, इथे कामाला येतो. जँगो जन्मलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या वेब विभागात, आणि २००५ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदार आणि संपादक यांना प्रोग्रॅमरच्या मागे न लागता मजकूर टाकता-काढता यावा, ही तिथली रोजची गरज होती. त्यामुळे मॉडेल (डेटाच्या रकान्यांचं वर्णन) लिहिलंत की शोध, गाळणी, अनेक नोंदी निवडून एकदम कारवाई, कोणी काय बदललं याची नोंद, असं सगळं पहिल्या दिवशी हातात येतं. ते दिसायला ओबडधोबड आहे, फोनवर तर जास्तच. सहा महिन्यांनी काकांसाठी 'आलेल्या तक्रारी' नावाचं वेगळं साधं पान तुम्हाला लिहावंच लागेल. पण ते सहा महिने निभतात, आणि तेवढ्या काळात काकांना नक्की काय लागतं तेही कळतं.

रेल्स किंवा लारावेलमध्ये हे होत नाही असं नाही. दोन्हींसाठी तयार ॲडमिन जोडता येतात आणि दोन्ही उत्तम फ्रेमवर्क आहेत. तुम्हाला रुबी येत असती तर मी रेल्स म्हटलं असतं, पीएचपी येत असती तर लारावेल. तिघांतला फरक तुमच्या दहा हजार सभासदांना कळणारही नाही. एक्सप्रेसची गोष्ट मात्र वेगळी. ते फ्रेमवर्क कमी आणि दाराची चौकट जास्त. लॉगिन, फॉर्मची तपासणी, सीएसआरएफपासून (दुसऱ्या साइटने सभासदाच्या नावाने खोटी विनंती पाठवण्यापासून) संरक्षण, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं), ॲडमिन हे सगळं तुम्ही वेगवेगळ्या पॅकेजांतून जमवणार. दोन वर्षांनी त्यातली चार कोणी सांभाळत नसेल, आणि ती बदलण्याचं काम नेमकं छाटणीच्या हंगामात येईल. मी अर्ध्यात सोडलेला फोरम तोच.

त्याआधीचा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मी विचारतो. मुळात बांधायचाच कशाला? डिस्कोर्स हे तयार फोरम-सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, रेल्स आणि जावास्क्रिप्टच्या एम्बरवर उभं आहे, खाली पोस्टग्रेस आणि रेडिस. एक जीबी रॅमवरही चालतं, दोन असली तर बरं. पीएचपीचं होस्टिंग असेल तर फ्लारम आहे, नोडचाच आग्रह असेल तर नोडबीबी आहे. मराठीतली जुनीजाणती उदाहरणं बघा: १९९६ पासून चालू असलेली मायबोली आणि नंतरचं मिसळपाव, दोन्ही द्रुपल या तयार साइट-सॉफ्टवेअरवर. द्रुपलचा उगमच अँटवर्पमधल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संदेश-फळ्यातून झाला. गंमत म्हणजे द्रुपल ११ मध्ये फोरमचं मॉड्यूल मुख्य गाभ्यातून बाहेर काढलंय, वेगळं घ्यावं लागतं.

उद्देश एवढाच असेल की लोकांनी बोलावं, तर पुढच्या रविवारी डिस्कोर्स बसवा आणि मोकळे व्हा. पण तुम्ही लिहिलंय की धाग्याला वाण, छाटणीची तारीख आणि तालुका जोडायचाय, आणि 'थॉम्पसन, छाटणीनंतर २५ ते ३५ दिवस' अशी गाळणी हवीय. शिवाय लॉगिन ईमेलने नको, फोन नंबरने हवं. हे डिस्कोर्सच्या प्लगइनमध्ये कोंबता येतं, पण त्यासाठी रुबी आणि एम्बर दोन्ही शिकावं लागेल. म्हणून तुमच्या बाबतीत 'बांधा' हे उत्तर मला पटतं. नुसत्या हौसेपोटी असतं तर पटलं नसतं.

आता आतलं बघू. फोरम म्हणजे विभाग, धागा आणि प्रतिसाद एवढी तीन टेबलं, दोन दिवसांचं काम, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. खरा फोरम चौथ्या टेबलात असतो: कोणी कुठपर्यंत वाचलंय. सभासद परत आला की त्याला 'तुम्ही मागे थांबलात तिथपासून सात नवे प्रतिसाद' असं दिसलं पाहिजे, नाहीतर तो व्हॉट्सॲप ग्रुपवर परत जाईल. तिथे निदान कुठून वाचायचं ते कळतं.

यासाठी प्रत्येक प्रतिसादाला धाग्यातला क्रमांक द्या, १, २, ३ असा, आणि तो कधीही बदलू नका. प्रतिसाद लपवला तरी त्याचा क्रमांक तसाच राहू दे. मग चौथ्या टेबलात सभासद, धागा आणि शेवटचा वाचलेला क्रमांक एवढ्या तीनच गोष्टी पुरतात. दहा हजार सभासद आणि वीस हजार धागे म्हणजे वीस कोटी जोड्या होतील या हिशेबाने घाबरू नका. नोंद होते ती फक्त उघडलेल्या धाग्याची, आणि बहुतेक माणसं शंभर-दोनशे धाग्यांपलीकडे जात नाहीत. 'सगळं वाचलं असं समजा' या बटणासाठी हजारो ओळी घालत बसू नका. सभासदाच्या नोंदीत एक वेळ लिहून ठेवा आणि त्याआधीचं सगळं वाचलेलं धरा.

त्याच क्रमांकाने पानांचा प्रश्नही सुटतो. जँगोचा नेहमीचा पेजिनेटर (पानं पाडणारा भाग) ऑफसेट वापरतो, म्हणजे सुरुवातीपासून मोजत पुढे जातो. 'आज काय फवारलं' असा एखादा धागा चार हजार प्रतिसादांवर जातो. पानावर तीस दाखवत असाल तर १३४ व्या पानासाठी डेटाबेस आधीचे ३,९९० मोजून टाकून देणार. आणि सगळे नेमकं शेवटचंच पान उघडतात! 'क्रमांक ३,९९१ पासून पुढचे तीस' असं इंडेक्सवरून मागितलं की हे मोजणंच संपतं.

प्रतिसादांची संख्या धाग्याच्या नोंदीत साठवा, दर वेळी मोजू नका. पण पायथनमध्ये वाचून, एक मिळवून, परत लिहू नका. दोघांनी एकाच क्षणी प्रतिसाद दिला तर एक हरवतो. डेटाबेसलाच 'आहे त्यात एक मिळव' असं सांगा, जँगोत त्यासाठी एफ एक्स्प्रेशन आहे. वरचा धाग्यातला क्रमांकही असाच, धाग्याची ओळ कुलूपबंद करून त्याच व्यवहारात द्यायचा.

प्रतिसादाला उपप्रतिसाद, त्याला उपउपप्रतिसाद असं झाड करायचं का? करू नका. सहाव्या पायरीवर फोनच्या पडद्यावर दर ओळीत दोन शब्द उरतात. सपाट यादी, वर अवतरण आणि 'याला उत्तर' असा दुवा एवढं पुरे. कोणाला उत्तर दिलंय तो रकाना मात्र पहिल्यापासून ठेवा, पुढे विचार बदलला तर माहिती हाताशी असेल.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते: मराठी मजकूर. इथे कुठलंच फ्रेमवर्क तुम्हाला वाचवत नाही.

धाग्याचं शीर्षक आहे 'द्राक्ष छाटणी'. त्याचा वेबपत्ता बनवायला जँगोचं स्लगिफाय हे फंक्शन वापरलंत तर हातात येते रिकामी ओळ, कारण ते मूळ स्वभावाने फक्त रोमन अक्षरं ठेवतं. मग कागदपत्रात युनिकोड चालू करायचा पर्याय सापडतो, तो लावता, आणि पत्ता येतो 'दरकष-छटण'. काना, वेलांटी, हलन्त सगळं गायब. 'भुरी' चं 'भर' होतं. कारण साधं आहे: पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने ओळखायच्या पद्धतीत) 'शब्दातलं अक्षर' म्हणजे अक्षर किंवा अंक, आणि युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा ही अक्षर नसून चिन्ह आहे. स्लगिफाय ती विरामचिन्हांबरोबर झाडून टाकतं. रेल्सचं पॅरामीटराइझ तर मुळातच रिकामे हात हलवत परत येतं. उपाय म्हणजे स्वतःचं दहा ओळींचं फंक्शन, ज्यात अक्षर, चिन्ह आणि अंक तिन्ही ठेवायचे. त्याहून सोपं म्हणजे पत्त्यात धाग्याचा आकडा घालायचा आणि शीर्षक सोडूनच द्यायचं. मी आता तेच करतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी पत्ता पुष्कळदा टक्केवारीच्या चिन्हांची दोन ओळींची माळ होऊन पोचतो, आणि ती बघून काका विचारतात, 'हा व्हायरस तर नाही ना?'

हाच रेगेक्सचा सापळा '@नाव' ओळखताना, हॅशटॅगला आणि शब्दमर्यादा मोजतानाही लागतो. जिथे जिथे बॅकस्लॅश-डब्ल्यू ही 'शब्दातलं अक्षर' याची खूण दिसेल तिथे थांबा.

दुसरं, सारखे दिसणारे पण वेगळे असलेले शब्द. 'ॲप' एका कीबोर्डवर एकाच अक्षराने लिहिला जातो, दुसऱ्यावर 'अ' आणि त्यावर चंद्र अशा दोन तुकड्यांत, कधी मध्ये न दिसणारा जोडकही असतो. 'वाऱ्याने' मधला अर्धा र काही जण नुक्तावाल्या ऱ पासून बनवतात, काही जण साध्या र ला हलन्त आणि जोडक लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र हे वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (समान मानलेली रूपं एका रूपात आणणं) करा, पण त्याने ही दोन्ही उदाहरणं एकत्र येत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाहीतच. लेख जसा लिहिला तसाच ठेवा. शोधासाठी मात्र एक वेगळा रकाना ठेवा, ज्यात ही रूपं तुम्ही ठरवलेल्या एका रूपात आणलेली असतील. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून काढा. सभासदनामालाही हीच चाळणी हवी, नाहीतर दिसायला हुबेहूब सारखे दोन 'वाऱ्यावरचा' आयडी तयार होतील आणि एक दुसऱ्याच्या नावाने भांडेल. हे माझ्याकडे झालंय. दोघंही खरे सभासद निघाले.

तिसरा शोध. पोस्टग्रेसच्या शोधयंत्रात इंग्रजीबरोबर हिंदी, नेपाळी आणि तमिळचे स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ शोधणारे) आहेत, मराठीचा नाही. हिंदीचा लावू नका, मराठी प्रत्यय त्याच्या गावीही नसतात. तुमच्या कामाला शब्दाच्या सुरुवातीवरून केलेला शोध बराच पुरतो: 'छाटणी' लिहिलं की 'छाटणीनंतर', 'छाटणीच्या' सापडतात, 'घड' वरून 'घडांवर' सापडतो. अडतं ते सामान्यरूप बदलतं तिथे. 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसाने' सापडत नाही, 'पाणी' ला 'पाण्याचा' सापडत नाही. असे शब्द तुमच्या विषयात किती असतील? पाहिजे तर शंभर. ते एका छोट्या टेबलात हाताने लिहा. त्याच टेबलात 'डाऊनी', 'डावणी' आणि 'केवडा' एका ओळीत बसवा. पुस्तकात केवडा असतो, बांधावर डाऊनी. हे टेबल काकांना ॲडमिनमधून भरू द्या. महागड्या शोधयंत्रापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल, आणि काकांना आवडेलही.

सभासदांची यादी अकारविल्हे लावायची असेल तर पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) आहे, ते लावा. नाहीतर ळ जाऊन ल च्या शेजारी बसतो.

मायएसक्यूएल का नको, असं मित्र विचारेल. आज चालतं. ८.० पासून मूळ सेटिंगही बरोबर आहे. माझं तोंड पोळलंय ते जुन्या दिवसांत. त्याच्या जुन्या 'यूटीएफ-८' मध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळायचे. देवनागरी त्यात नेमकी बसते, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटायचं. ट्रेकिंगच्या फोरमवर एका सभासदाने हरिश्चंद्रगडाचा लांबलचक वृत्तांत टाकला. तिसऱ्या परिच्छेदात त्याने हसरा चेहरा घातला, त्याला चार बाइट लागतात. डेटाबेसने तक्रार न करता त्या चेहऱ्यापासून पुढचं सगळं कापून टाकलं. बिचारा नळीच्या वाटेच्या पायथ्याशीच राहिला. आम्ही आधी त्यालाच विचारलं, 'अहो, पुढचं कधी टाकताय?' जुना डेटा आणून बसवणार असाल तर त्याचं सेटिंग आधी तपासा, एवढंच.

लॉगिनबद्दल एकच गोष्ट, पण ती पहिल्या दिवशीच करायची: जँगोत सभासदाचं स्वतःचं मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या आधी लिहा, त्यात ओळख फोन नंबर ठेवा. नंतर बदलणं शक्य असतं, पण ते काम मी शत्रूलाही देणार नाही. ओटीपीचे एसएमएस पाठवायला आपल्याकडे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर नोंदणी आणि संदेशाचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला कागदपत्रं आणि दिवस लागतात, तेव्हा कोड लिहायच्या आधी तो अर्ज टाका.

फोटो. फोनमधून आलेल्या प्रत्येक फोटोत बागेचं अक्षांश-रेखांश असू शकतं, ते काढूनच साठवा. कोणाच्या बागेत कधी रोग आला हे व्यापाऱ्याला नकाशावर दिसायला नको. फोटो लहान करण्याचं काम पान उघडतानाच्या विनंतीत करू नका, मागच्या रांगेत टाका. त्यासाठीचं सेलेरी हे साधन जड वाटत असेल तर सुरुवातीला दर मिनिटाला चालणारा क्रॉनही (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) पुरतो.

मित्राच्या जावास्क्रिप्टचं काय? त्याला नाराज करू नका, पण रिॲक्टचा अख्खा डोलारा नको. बागेत उभ्या माणसाच्या साध्या फोनवर, एक काडी रेंजमध्ये, आधी मजकूर दिसला पाहिजे. 'आवडलं', 'अवतरण घ्या', 'नवे प्रतिसाद आलेत' एवढ्यासाठी एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी किंवा हाताने लिहिलेलं थोडं जावास्क्रिप्ट भागवतं. वेबसॉकेटही (सर्व्हरशी सतत उघडी जोडणी) नको. पान उघडं असेल तर दर तीस सेकंदांनी एकदा विचारा. डिस्कोर्ससारखं मोठं सॉफ्टवेअरसुद्धा ताज्या सूचना लाँग पोलिंगने, म्हणजे विनंती उघडी ठेवून नव्याची वाट बघत, पोचवतं. मित्राला फोटो चढवण्याचा भाग द्या: फोनवरच लहान करून, तुटलेली रेंज परत आली की उरलेलं पाठवायचं. तिथे त्याचं कौशल्य खरोखर लागेल.

कायद्याचं थोडं. लोकांचा मजकूर ठेवणारी साइट २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली मध्यस्थ ठरते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, आणि तक्रार आली की २४ तासांत पोच. म्हणून प्रत्येक प्रतिसादाखाली 'तक्रार करा' आणि त्याची वेळेसह नोंद, हे पहिल्या आवृत्तीतच हवं. काहीही खरोखर पुसू नका, लपवा, आणि संपादनाचा इतिहास ठेवा.

शेवटी तुम्ही मोंगोबद्दल विचारलं होतं. नको. धागा, प्रतिसाद, सभासद आणि वाचलेलं हे सगळं एकमेकांना बांधलेलं असतं, आणि तुमची वाण-तारीख-तालुक्याची गाळणी तर सरळसरळ रिलेशनल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांचं, काम आहे.

कामाला लागण्याआधी एक रिकामा जँगो प्रोजेक्ट उघडून त्यात हे शब्द शीर्षक, आयडी आणि शोध अशा तिन्ही ठिकाणी टाकून बघा: द्राक्ष, भुरी, वाऱ्याने, ॲप, पावसाने, कृष्णा, २५ दिवस, आणि एक हसरा चेहरा. कुठे काय मोडतं ते लिहून कळवा, मग पुढचं बोलू.